तालुक्याच्या गावी दोन दिवसांची राज्यशास्त्र परिषद भरवताना

दहाचे उद्घाटन सव्वाअकराला सुरू होते, दीडला संपते, जेवण आटोपेपर्यंत तीन वाजतात. मग उरलेल्या वेळात चाळीस निबंध कोंबायचे. वाचणारा "वेळेअभावी थोडक्यात सांगतो" म्हणतो, सत्राध्यक्ष घड्याळ दाखवतो आणि प्रश्न विचारायला कुणी उरत नाही. विभागीय परिषदा फसतात त्या बहुतेक याच वाटेने. म्हणून खाली जे सांगितले आहे त्यातले बरेचसे निबंधवाचनाची वेळ राखण्यासाठी आहे.

हिशेबासाठी एक नमुना धरू: तालुक्याच्या ठिकाणचे वरिष्ठ महाविद्यालय, राज्यशास्त्र विभागात दोन-तीन प्राध्यापक, शे-सव्वाशे माणसे, एक सभागृह, तीन मोठ्या वर्गखोल्या, शुक्रवार-शनिवार असे दोन दिवस. पहिल्यांदा परिषद घेणाऱ्या विभागाने याहून मोठा पसारा मांडू नये.

विषय अरुंद ठेवा

"भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने" असा विषय दिला की निबंध भरपूर येतात, आणि त्यातले निम्मे एकमेकांसारखे असतात. शीर्षके ठरलेली: "निवडणूक आयोग : एक अभ्यास", "पक्षांतर : एक चिकित्सक अभ्यास", "महिला आरक्षण : एक दृष्टिक्षेप". दोष लिहिणाऱ्यांचा नाही. एवढ्या रुंद विषयावर पाठ्यपुस्तकातला मजकूरच लिहिला जातो.

विभागीय परिषदेची ताकद म्हणजे आसपासच्या चार-पाच जिल्ह्यांतली माहिती. तिथले प्राध्यापक आणि संशोधक ज्या नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, सहकारी संस्था जवळून पाहतात, त्यांवर दिल्ली-मुंबईच्या परिषदेत कुणी बोलत नाही. उदाहरणार्थ, "आपल्या विभागातील नगरपरिषदा : ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर" हा विषय घ्या. शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनेत स्थान देणारी ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आहे, या संस्थांकडे सोपवायच्या कामांच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा आहेत, आणि २०२२ पासून निवडणुका रखडल्याने अनेक नगरपरिषदांवर प्रशासक आले. यातून उपविषय आपोआप निघतात: थेट नगराध्यक्षपद, स्थानिक आघाड्या आणि पक्ष, नगरसेविकांचा प्रत्यक्ष कारभार, नगरपरिषदेची वसुली आणि शासकीय अनुदान, प्रशासकाच्या काळातले ठराव. पाच-सहा उपविषय पुरेत. माहितीपत्रकात पंचवीस उपविषय आणि शेवटी "व तत्सम इतर" छापले, तर विषय दिला काय नि न दिला काय, सारखेच.

आवाहनात एक वाक्य घालाच: "निबंधात किमान एका संस्थेची, निवडणुकीची किंवा कागदपत्राची प्रत्यक्ष माहिती असावी." नगरपरिषदेच्या सभांची इतिवृत्ते, अंदाजपत्रके, राज्य निवडणूक आयोगाचे निकाल हे सगळे मिळण्यासारखे असते. या एका वाक्याने आलेल्या गोषवाऱ्यांची संख्या घटेल. घटू द्या.

नाव कोणते द्यायचे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांना परिषदेतील निबंधवाचनाला किंवा व्याख्यानाला गुण आहेत: राज्य किंवा विद्यापीठ पातळीला २, राष्ट्रीय पातळीला ३, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, परदेशातल्या परिषदेला ७. म्हणून दोन जिल्ह्यांची परिषदही फ्लेक्सवर "राष्ट्रीय" होते, आणि परदेशातून एक जण ऑनलाइन बोलला की "आंतरराष्ट्रीय". या मोहात पडू नका. आंतरराष्ट्रीय म्हटले की परदेशी पाहुण्यांच्या व्हिसापासून केंद्रीय मंत्रालयांच्या परवानग्यांपर्यंत सगळे मागे लागते. शिवाय पुढे पदोन्नतीच्या छाननीत कुणी विचारले की बाहेरच्या राज्यातून किती आले, तर यादी तुमचीच काढली जाते.

तारीख

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सोयीचा. सत्र परीक्षा संपलेल्या असतात, उन्हाळी परीक्षा दूर असतात, हवाही बरी. पण याच काळात स्नेहसंमेलन, राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर, क्रीडा स्पर्धा आणि लग्नसराई असते. लग्नाची तिथी दाट असेल तर लॉज आणि केटरर दोन्ही मिळत नाहीत. नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या तारखाही पाहा. सेट महाराष्ट्र व गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते, आणि त्या दिवशी तुमचे निम्मे संशोधक विद्यार्थी परीक्षा केंद्रावर असतात.

राज्यशास्त्राला एक अडचण खास आपली आहे: निवडणूक. आचारसंहिता लागली की मंत्री-आमदार उद्घाटक म्हणून बोलावणे अडचणीचे होते, प्राध्यापकांना मतदान केंद्राच्या ड्युट्या आणि प्रशिक्षणाचे दिवस लागतात, आणि महाविद्यालयाचे सभागृह मतदान यंत्रे ठेवायला घेतले जाऊ शकते. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली. त्या वर्षी ज्यांनी तारखा आधी छापल्या त्यांना दुसऱ्यांदा माहितीपत्रक छापावे लागले. निवडणूक जवळ दिसत असेल तर तारखेची पर्यायी जोडी ठरवून ठेवा आणि ती प्राचार्यांच्या मंजुरीपत्रातच लिहून घ्या.

शुक्रवार-शनिवार यासाठी, की रविवार परतीच्या प्रवासाला राहतो. शनिवार-रविवार ठेवलात तर रविवारी दुपारी जेवण झाले की सभागृहात यजमानच उरतात.

सहा महिन्यांचे वेळापत्रक

परिषद जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आहे असे धरून:

जुलै: विषय, तारीख, संस्थेची लेखी मंजुरी, गुणवत्ता हमी कक्षाला कळवणे. अनुदान हवे असेल तर अर्ज याच वेळी, किंवा आधीच. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आहे, तिथे चौकशी करा. अर्जावर निर्णय बैठकीत होतो आणि बैठक तुमच्या तारखेसाठी थांबत नाही.

ऑगस्ट: बीजभाषण करणाऱ्यांची लेखी संमती. ती आल्याशिवाय नाव छापू नका. सल्लागार समितीत चाळीस नावे घालण्याची पद्धत आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना आपण सल्लागार आहोत हे माहितीपत्रक पाहिल्यावर कळते. सहा नावे घाला आणि सहाही जणांना फोन करा.

सप्टेंबरअखेर: गोषवारे. अडीचशे ते तीनशे शब्द, पाच सूचक शब्द, आणि माहिती कोणत्या साधनांतून घेतली याची एक ओळ.

१५ ऑक्टोबर: स्वीकृती आणि नकार. नकारही कळवायचा असतो, बरेच आयोजक गप्प बसतात.

नोव्हेंबरअखेर: पूर्ण निबंध, तीन ते साडेतीन हजार शब्द. मधली दिवाळीची सुट्टी हाच प्राध्यापकांच्या लेखनाचा खरा काळ, म्हणून मुदत दिवाळीच्या आधी ठेवू नका.

डिसेंबर: सत्रांची मांडणी, अध्यक्षांची नावे, कार्यक्रमपत्रिका. निबंध सत्राध्यक्षांकडे किमान दहा दिवस आधी पोचले पाहिजेत. अध्यक्षाने निबंध वाचलेला असला की चर्चा होते. नसला की तो स्वतःच वीस मिनिटे बोलतो.

गोषवारे निवडताना

नाव झाकून दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे. प्रत्येकी चार प्रश्न, प्रत्येकाला पाचपैकी गुण: प्रश्न नेमका आहे का, माहिती कुठून आणली, विषयाशी नाते काय, भाषा समजते का. बारापेक्षा कमी सरासरी आली तर नकार, आणि दोघांच्या गुणांत सहाहून जास्त फरक असेल तर तिसऱ्याने वाचावे. विभागात तीनच माणसे असतील तर शेजारच्या महाविद्यालयातून दोघांची मदत घ्या. आपल्या विद्यार्थ्याचा गोषवारा आपण तपासायचा नाही, एवढे पथ्य पाळा.

फॉन्टचा घोळ

मराठी परिषदेत सर्वांत जास्त तास यात जातात, तरी माहितीपत्रकात याबद्दल एक ओळही नसते. निबंध येतात ते क्रुतिदेव, श्रीलिपी, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. रूपांतरकाने युनिकोड केले तरी रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी एक घर सरकते, आणि अर्ध्या र चा सत्यानाश होतो: "शेतकऱ्यांच्या" चे "शेतकर्यांच्या" होते, "दुसऱ्या" चे "दुसर्या". नगरपरिषदांवरच्या निबंधात "कर्मचाऱ्यांच्या" हा शब्द पंचवीस वेळा येत असेल तर पंचवीस दुरुस्त्या हाताने करायच्या.

जुन्या फॉन्टचा दुसरा तोटा वाङ्मयचौर्य तपासताना कळतो. सॉफ्टवेअरला त्या फाइलमध्ये मराठी दिसतच नाही, म्हणून अक्षरशः उचललेला निबंधही निर्दोष ठरून बाहेर येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानतात आणि त्यापुढे पायऱ्या लागतात. पण फाइल युनिकोड नसेल तर त्या टक्क्याला काही अर्थ नाही.

म्हणून पहिल्याच पत्रकात ठळक लिहा: मजकूर युनिकोडमध्ये, कोकिळा किंवा मंगल फॉन्ट, आकार १४, वर्ड फाइल आणि पीडीएफ दोन्ही. पीडीएफ कशाला, तर लेखकाला अक्षर कसे अभिप्रेत होते ते ताडून पाहायला. फाइलचे नावही ठरवून द्या: आडनाव, गाव, उपविषयाचा क्रमांक. नाहीतर "फायनल पेपर नवीन" या नावाच्या तीस फाइली जमतात.

दोन दिवसांची आखणी

पहिला दिवस. ९ ते १० नोंदणी आणि नाश्ता. १० ते ११ उद्घाटन. ११ ते १२ बीजभाषण, पंचेचाळीस मिनिटे भाषण आणि पंधरा मिनिटे प्रश्न. १२.१५ ते १.४५ पहिले सत्र, तिन्ही खोल्यांत एकाच वेळी. मग जेवण. २.४५ ते ४.१५ दुसरे सत्र. चहा. ४.३० ते ५.४५ परिसंवाद.

दुसरा दिवस. ९.३० ते ११ तिसरे सत्र, ११.१५ ते १२.४५ चौथे, जेवण, १.४५ ते २.४५ विशेष व्याख्यान, ३.३० च्या आत समारोप.

नव्वद मिनिटांच्या सत्रात सहा निबंध: प्रत्येकी अकरा मिनिटे म्हणजे सहासष्ट, उरलेली चोवीस मिनिटे चर्चेला. तीन खोल्या, चार सत्रे, सहा निबंध: बहात्तर. तेवढेच स्वीकारा. त्यातले पंधरा-वीस जण ऐनवेळी येत नाहीत असे धरून चाला, आणि ती मोकळी झालेली वेळ दुसरा निबंध घुसवून भरू नका. चर्चेलाच राहू द्या. आठव्या मिनिटाला एक घंटी, अकराव्याला दोन, बाराव्याला विद्यार्थी स्वयंसेवक उठून उभा राहतो. मोठ्या प्राध्यापकांनाही हाच नियम, नाहीतर पुढचा संशोधक विद्यार्थी तीन मिनिटांत उरकतो.

उद्घाटन तासाभरात बसते, पण त्यासाठी आधी भांडावे लागते. व्यासपीठावर पाच खुर्च्या, जास्त नाहीत. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक सात मिनिटे, उद्घाटक पंधरा, प्राचार्य आणि संस्थाध्यक्ष प्रत्येकी आठ. पाहुण्यांचा परिचय छापून द्या, वाचू नका. शाल-श्रीफळाऐवजी एकेक पुस्तक द्या आणि सगळे सत्कार एकदम उरका. सूत्रसंचालन करणाऱ्यांना चारोळ्या-शेर गाळायला सांगा. दोन वक्त्यांच्या मध्ये एक चारोळी म्हटली तरी तासात दहा मिनिटे जातात. आणि उद्घाटक राजकीय नेता असेल तर तो कधी येईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. अशा वेळी बीजभाषण ठरल्या वेळी सुरू करायचे आणि नेते आले की मध्ये पंधरा मिनिटे द्यायची, हे प्राचार्यांशी आधीच बोलून ठेवा. त्या क्षणी ठरवायला गेलात तर सगळे सभागृह तासभर बसून राहते.

परिसंवादात वेगवेगळ्या पक्षांचे आजी-माजी नगराध्यक्ष, एखादा निवृत्त मुख्याधिकारी आणि एक स्थानिक पत्रकार असे चौघे बसवले तर राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्गात न मिळणारे पुष्कळ मिळते. पक्षांचा तोल मात्र सांभाळा. एकाच पक्षाचे दोघे आले की दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात परिषदेची बातमी पक्षाच्या पानावर छापली जाते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे प्रश्नाच्या नावाखाली भाषण होत नाही.

पैसे

१२० माणसांचा नमुना हिशेब, दर आपल्या गावाप्रमाणे बदला. नाश्ता, दोन चहा आणि जेवण मिळून माणशी दिवसाला २२० रुपये धरले तर दोन दिवसांचे ५२,८००. मुक्कामी साठ जणांचे रात्रीचे जेवण ९,०००. आठ खोल्या, दोन रात्री, २४,०००. पाहुण्यांचा प्रवास आणि मानधन ४०,०००. फाइल, पॅड, पेन, ओळखपत्र १४,४००. छपाई, फ्लेक्स, प्रमाणपत्रे १२,०००. ध्वनिव्यवस्था, जनरेटर, गाड्या १८,०००. एकूण १,७०,२००. वर दहा टक्के अडीनडीला ठेवा, म्हणजे १,८७,००० च्या घरात जाते.

जमेची बाजू: सत्तर प्राध्यापक हजार रुपयांप्रमाणे, चाळीस संशोधक विद्यार्थी पाचशेप्रमाणे, एकूण ९०,०००. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शुल्क नको. उरलेले साधारण ९७,००० संस्था, अनुदान किंवा देणगी यांतून आले पाहिजेत, आणि ते कुठून येणार हे जुलैमध्ये लेखी असले पाहिजे. अनुदान मंजूर झाले तरी रक्कम पूर्ण हातात यायला परिषदेनंतरचे कित्येक महिने लागू शकतात, म्हणून केटररचे पैसे त्यावर अवलंबून ठेवू नका.

नोंदणी शुल्क यूपीआयने घेताना अर्जात व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक आणि पैसे कुणाच्या खात्यातून गेले ते नाव, दोन्ही विचारा. बरेच जण पत्नीच्या किंवा मित्राच्या फोनवरून भरतात, आणि खात्याच्या उताऱ्यावर भलतेच नाव दिसते. खाते विभागातल्या कुणाच्या नावाचे नको, महाविद्यालयाचेच हवे. पावती त्याच आठवड्यात पाठवा, कारण प्रवासभत्ता आणि कर्तव्य रजेसाठी ती लागते.

सभागृहातले किरकोळ काम

सादरीकरणाच्या फाइली आदल्या संध्याकाळी मागवा, पीडीएफ करून तिन्ही खोल्यांच्या लॅपटॉपवर सत्रानुसार ठेवा. वक्त्याने आपल्या पेन ड्राइव्हवरून आणलेल्या सादरीकरणात फॉन्ट हटकून बदलतो. प्रत्येक खोलीत एक जास्तीची एचडीएमआय केबल, एक एक्स्टेन्शन बोर्ड, कॉर्डलेस माइकचे चार सेल. वीज कोणत्या वारी जाते हे महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या. फ्लेक्स छापायला देण्याआधी तिघांनी मोठ्याने वाचावा. "परिषद" ची "परीषद" झालेली दोन दिवस सगळ्या फोटोंत दिसत राहते.

प्रमाणपत्रे

नोंदणीच्या टेबलावर प्रमाणपत्र दिले तर पहिल्या दिवशी जेवणापर्यंत चाळीस जण गावी निघालेले असतात. निबंधवाचनाचे प्रमाणपत्र सत्राध्यक्षाने सही केलेल्या यादीवरून, ज्याने प्रत्यक्ष वाचले त्यालाच, आणि समारोपानंतर. कोऱ्या प्रमाणपत्रांवर आधी सह्या करून ठेवू नका. प्रत्येकावर अनुक्रमांक टाका आणि नोंदवही ठेवा, कारण पाच वर्षांनी कुणाच्या तरी पडताळणीचे पत्र येतेच. नावे मराठीत आणि इंग्रजीत कशी हवीत हे अर्जातच विचारा.

निबंध छापणे

आयएसबीएन हा ओळख क्रमांक पुस्तकाला आणि आयएसएसएन नियतकालिकाला, हा फरक पक्का ठेवा. परिषदेच्या निबंधसंग्रहाला आयएसबीएन हवा. तो नवी दिल्लीतील राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज केल्यावर विनाशुल्क मिळतो, त्यासाठी कुठल्या दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. "विशेषांक काढून देतो, प्रत्येक निबंधाला पंधराशे" असे फोन माहितीपत्रक फिरू लागल्याबरोबर यायला लागतात. ते "केअर यादीतले" म्हणून सांगत असतील तर लक्षात ठेवा, मान्य नियतकालिकांची ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

संग्रहात सगळे निबंध घालण्याची गरज नाही. चर्चेनंतर लेखकांना महिनाभर द्या, दुरुस्त करून आलेल्यांतून वीस-पंचवीस निवडा. हे माहितीपत्रकातच लिहिलेले असावे, नाहीतर "शुल्क भरले आहे" म्हणून वाद होतो.

नंतरचे पंधरा दिवस

बिले जमतील तशी त्याच दिवशी चिकटवा. नाश्त्याचे कच्चे बिल, गाडीवाल्याची चिठ्ठी, झेरॉक्सचे पैसे दोन आठवड्यांनी कुणाला आठवत नाहीत. अनुदान घेतले असेल तर केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र सनदी लेखापालाच्या सहीने द्यावे लागते. मंजूर शीर्षाखालीच खर्च दाखवा, जेवणाचे पैसे छपाईत घातले की फाइल परत येते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी स्थळ-वेळ उमटलेले फोटो, दोन्ही दिवसांच्या सहीच्या हजेरीपत्रकांच्या प्रती, अभिप्राय अर्ज आणि चार पानांचा अहवाल लागतो. फोटो काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या फोनवर लोकेशन चालू आहे का, हे मात्र पहिल्या दिवशी सकाळी नऊलाच पाहायचे.